थंडी खालून येते

भर मे महिन्यात, दुपारी, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, पंखा बंद करून, खिडकी लावून, माकडटोपी, दोन स्वेटर आणि मोज्यांवर मोजे अशा थाटात स्वतःला छताला टांगून घेतलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा सख्खा मेव्हणा आहे. लग्नात त्याने माझा कान जरा जास्तच जोरात पिळला होता, त्याचा राग अजून माझ्या मनात आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

मी दार ढकललं तेव्हा तुळईच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत एक कापडी झोळी बांधलेली होती आणि त्या झोळीत हे गृहस्थ आडवे होते. झोळीच्या पोटाखाली आणखी एक जाडजूड गाठोडं लटकत होतं. टोपीतून दिसणारा चेहरा शेंदूर फासल्यासारखा लाल. मला वाटलं, आटोपला कारभार. मी "दादा!" म्हणून ओरडलो, तर आतून अगदी शांत आवाज आला.

"भावोजी, आलात ते बरं झालं. हात घाला."

"कुठे?"

"पाठीखाली. घाम आलाय का बघा. छातीला आलाय, मानेला आलाय, ते माझं मला कळतं. पाठीचं नीट कळत नाही. पाठीला घाम आला की जिंकलो."

विमा कंपनीत उभी हयात अधिकारी म्हणून काढलेल्या मी, लालबागमध्ये, मे महिन्यात, साठी उलटलेल्या मेव्हण्याच्या पाठीखाली हात घालून घाम तपासला. पाठ चिकट होती, पण घाम म्हणावा असा नव्हता. तसं सांगितलं.

"छ्या!" दादा हळहळला. "म्हणजे अजून कुठूनतरी गळतंय."

काय गळत होतं ते मला स्पष्ट दिसत होतं, पण मेव्हण्याच्या अकलेबद्दल तोंडावर बोलायचं नाही असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला कबूल केलंय. बाहेर गॅलरीत शेजारच्या सावंतकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघितलास मा? तुमचो मेवणो वटवागूळ झालो हा." मी मान डोलावली. त्यांच्याशी माझं याबाबतीत पूर्ण एकमत आहे.

नाव दत्ताराम परब. नीलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो. इथे करणार नाही, तेवढी मोकळीक मला मिळायला हवी.

दादरच्या एका कापडाच्या दुकानात त्याने उभा जन्म काउंटरमागे उभं राहून कापड फाडलं. तो निवृत्त झाला, पण त्याची बोटं झाली नाहीत. समोर कोणीही येवो, बोलायच्या आधी हा त्याची बाही दोन बोटांत धरून चोळणार. आमच्या सोसायटीतले एक काका वारले, तेव्हा हा आमच्याकडेच आलेला होता, म्हणून भेटायला बरोबर नेला. काकांचा मुलगा शाल पांघरून बसला होता. दादाने शालीचं टोक चोळलं, मान हलवली आणि हळूच म्हणाला, "लोकरीची म्हणून दिली असेल ना? ॲक्रिलिक आहे. फसवलं तुम्हाला." मुलगा रडायचा थांबला. त्या अर्थी सांत्वन झालं म्हणायचं.

लग्न याच बोटांपायी राहून गेलं. मुलगी बघायला गेला होता. मुलगी चांगली, घर चांगलं, पोहेसुद्धा चांगले. निघताना हा मुलीच्या आईला म्हणाला, "मुलीच्या साडीचा रंग जाणार आहे, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा." त्या माउलीने ती साडी शेजारणीकडून मागून आणली होती, आणि शेजारीण तिथेच बसली होती. पुढे दोन-तीन ठिकाणी असंच काहीबाही झालं आणि मग बघायचंच बंद झालं. हा आणि सासूबाई, असे दोघंच त्या खोलीत राहिले.

सासूबाई काही वर्षांपूर्वी पौषात गेल्या. शेवटचे महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची ती लोखंडी, नायलॉनच्या पट्ट्यांची खाट अजून त्या खोलीत घडी करून भिंतीला टेकवलेली आहे. नीलानेच ती अख्खं परळ पालथं घालून शोधली होती, मोरी आणि दार यांच्यामध्ये नेमकी बसेल अशी. दादा त्या खाटेवर झोपत नाही. खाली चटईवर झोपतो, नाहीतर वटवाघूळ होतो. "ती खाट भंगारात द्या की, येता-जाता पायाला लागते," असं मी शंभरदा सांगितलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

त्या घरातली आता ही दोनच माणसं उरलीत, दादा आणि नीला. वर्षभर एकमेकांना फोनवर टोमणे मारतात, पण भाऊबीज म्हटली की काय विचारता! त्या दिवशी दादा साडीचं खोकं काखेत मारून दादरला येणार म्हणजे येणार. मग ती साडी कुठल्या मागावरची, धागा किती नंबरचा, पदर का असा, यावर तासभर कीर्तन. नीला ते हरिपाठ ऐकावा तसं ऐकते. मी तिला कुठली साडी आणली तर तिचं पहिलं वाक्य असतं, "दादाला दाखवली होतीत का?" बत्तीस दात दाखवत मी नाही म्हणतो.

तर हे टांगून घ्यायचं खूळ. सासूबाई गेल्यावर कोणीतरी त्याला मोबाइल दिला आणि त्यावर त्याने एका दाढीवाल्या गोऱ्याचा व्हिडिओ पाहिला. तो गोरा बर्फात, दोन झाडांना झोळी बांधून, आत अंगाची मुटकुळी करून झोपतो आणि सकाळी हसत उठतो. शहाण्या माणसाने असलं काही बघितलं तर तो म्हणेल, काय एकेक येडे असतात, आणि पुढे सरकवेल. दादाने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मला फोन.

"भावोजी, थंडी खालून येते."

"कोण येतंय?"

"थंडी हो, थंडी. आपण आयुष्यभर वरून पांघरूण घेत बसलो. जमिनीवर नसलेल्या माणसाला थंडी खालून लागते. खालून वारा जातो ना! अंगाखाली घेतलेलं अंथरूण वजनाने दबतं, त्याच्यात ऊब राहत नाही. दुलई झोळीच्या बाहेरून, खालून टांगायला पाहिजे. म्हणजे दबणार नाही."

मी "बरं" म्हटलं आणि चहा प्यायलो. तेव्हापासून आजतागायत हे एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या कानाचे पडदे पातळ झालेत. सरकार पडलं, "थंडी खालून येते, भावोजी, वर बघत बसले." चाळीच्या नळाचं पाणी गेलं, तेच. सावंतकाकूंच्या नातीने पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा काकूंसमोर तेच. त्यांनी तांदळाचं सूप त्याच्यावर उगारलं होतं.

ती खालून टांगायची दुलई त्या गोऱ्यांच्या देशातून मागवायची तर तिच्या किमतीत आमच्या घरचा कित्येक वर्षांचा मसाला लालबागमधून भरता येईल. दादाचं पेन्शन म्हणजे नावापुरतं. पण माघार घेईल तर तो दादा कसला! विसर्जनानंतर मंडळाच्या मांडवाचं कापड उतरलं, ते मागून आणून त्याने स्वतः झोळी शिवली. खाली लटकवायला दुकानातल्या कापलेल्या तुकड्यांचं गाठोडं. वारा अडवायला कोणाच्या तरी मोटारीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा. पायाशी गरम पाण्याची बाटली, मोज्यात घालून. गंजीफ्रॉकच्या आत वर्तमानपत्र, आणि तेही मराठीच, कारण अग्रलेख लांब असल्यामुळे सबंध छाती झाकली जाते, असं त्याचं म्हणणं. आणि वर छत म्हणून फ्लेक्स. विभागातल्या कुठल्याशा दादासाहेबांच्या वाढदिवसाचा. त्यामुळे झोळीत पडलं की बरोबर तोंडासमोर कोपरापासून हात जोडलेले दादासाहेब हसताना दिसतात आणि खाली ओळीने शुभेच्छुकांचे फोटो.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला कसं माहीत? मी झोपलोय त्या फ्लेक्सखाली! जानेवारीत हा मुरबाडच्या पुढे कोणाच्या तरी आमराईत जायला निघाला. नीला म्हणाली, "अहो, तो एकटा कुठे पडेल-झडेल. तुम्ही जा बरोबर." माझं वय, माझी कंबर, माझी प्रतिष्ठा, यांतलं काहीही तिला आठवलं नाही.

झोळीत शिरणं ही एक कला आहे आणि ती मला येत नाही. पहिल्यांदा मी एका बाजूने बसलो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलो. दुसऱ्यांदा झोळीच माझ्यावर आली. "तिरके झोपा भावोजी, तिरके!" दादा ओरडत होता. शेवटी बाळाला पाळण्यात घालतात तसं त्याने मला उचलून आत घातलं, चारी बाजूंनी खोचलं, पायाशी बाटली सरकवली. फक्त अंगाई म्हणायची राहिली. दादासाहेब वरून हसत होते. आमच्याकडे नोकरीत मला बघून लोक उठून उभे राहायचे, ते आठवून डोळ्यांत पाणी आलं.

उजाडलं तेव्हा आमराईत धुकं होतं आणि दादा माझ्या झोळीशेजारी उकिडवा बसला होता. गुड मॉर्निंग नाही, चहा नाही. चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे भाव.

"पाठीला गार लागलं?"

"लागलं," मी म्हटलं. "सगळीकडे नाही. कमरेच्या इथे, तळहाताएवढं."

एवढंच मी म्हणालो. पण या माणसाचा चेहरा असा उतरला की जणू मी त्याच्या घरातलं कोणी गेल्याची बातमी दिली. त्याने माझ्या झोळीखालचं गाठोडं चाचपलं, तुकडे एका बाजूला घसरले होते ते बघितलं आणि परतीच्या एसटीत दादरपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, उतरलं एकदाचं भूत.

कुठलं! फेब्रुवारीत डोंगरातली थंडी संपली, तर हा थंडी शोधत कुलाब्याकडे गेला. तिथे याचा शाळेतला एक मित्र, कोळीवाड्यातला, मासळीच्या शीतगृहात मुकादम. त्याला गळ घालून हा सुरमई आणि पापलेटांच्या पेट्यांच्या मध्ये दोन खांबांना झोळी बांधून पडला. तिथून उठला तो थेट आमच्याकडे जेवायला, कारण त्या दिवशी रविवार होता. जिना चढताना त्याच्या मागे सोसायटीतलं एक मांजर होतं, आमच्या मजल्यावर येईपर्यंत चांगली मिरवणूक झाली. नीलाने दार उघडलं आणि आनंदाने म्हणाली, "दादा, मासळी आणलीस?" नंतर तिला कळलं की मासळी नाही, दादाच आहे. त्याला माझ्या बाथरूममध्ये, माझ्या साबणाने आंघोळ घातली. अंगावर काटा होता, ओठ निळे पडले होते आणि हा आतून ओरडून सांगतोय, "नीला, तिथे लागली बघ थंडी! खरी थंडी!"

"कसली हौस रे तुला मरायची," नीला म्हणाली. त्यावर आतला नळ बराच वेळ नुसता वाहत राहिला.

आता त्याचा गुन्हा सांगतो. इथपर्यंत सगळा वेडेपणा होता, तो मी हसून सोडला असता.

सासूबाईंची लुगडी लालबागच्या खोलीत त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होती. रोजची सुती लुगडी, आणि एक मोरपंखी इरकल, सणाला नेसायची ती. "ती इरकल माझी हं," असं नीला आईच्या हयातीतच ठरवून बसली होती. आई गेल्यावर दरवर्षी ती म्हणायची, "एकदा जाऊन पेटी उघडायची आहे." आणि जायची नाही. ते मला समजत होतं. पेटी उघडली की आई खरीच गेली, असं काहीतरी असावं.

या वर्षी दिवाळीच्या आधी ती धीर करून गेली. पेटी उघडली तर आत फक्त डांबरगोळ्या. वर बघितलं, तर झोळीखाली आता गाठोड्याऐवजी टांगलेल्या गोधडीच्या कडेने इरकलीचा काठ दिसत होता.

ती घरी आली आणि रडली नाही. धुतलेली सगळी भांडी तिने पुन्हा घासायला काढली. मी विचारलं तेव्हा हात न थांबवता म्हणाली, "आईची लुगडी फाडली त्याने. त्या झोळीखाली बांधायला. फडक्यासारखी." मग थोड्या वेळाने, "यंदा भाऊबीज नाही. त्याला सांगून आलेय मी. येऊ नकोस म्हटलं."

"मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. नुसतं बरं!"

दिवाळीचे चार दिवस आमच्या घरात कंदील लागला, चकल्या झाल्या, पण नीला मुकी. पाडव्याला ओवाळताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, दाराकडे होतं. आईच्या मागे तिला माहेर म्हणून जे काय होतं ते हे एक येडं होतं, आणि तेही आता गेलं होतं. मला त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नका. भाऊबीजेच्या सकाळी श्रीखंड आणायला जातो म्हणून निघालो आणि टॅक्सी लालबागला वळवली. म्हटलं, आज कान पिळायची पाळी माझी.

दार उघडंच होतं. फळीवर साडीचं खोकं सुतळीने बांधून तयार ठेवलेलं होतं. तुळईच्या कडीला झोळी नव्हती. सासूबाईंची ती भंगारात द्यायची खाट मोरी आणि दार यांच्यामध्ये उघडून मांडलेली होती आणि दादा तिच्याखाली उताणा पडून गोधडीचे बंद खाटेच्या पायांना बांधत होता. मोटार दुरुस्त करणारे असतात ना, तसा. फक्त पाय बाहेर.

"बाहेर या," मी म्हटलं. "लाज वाटते का काही? आईची लुगडी! स्वतःच्या नसत्या थेरांसाठी!"

तो बाहेर आला. केसांना जळमट. खाटेकडे बघत म्हणाला, "बसली. मापाने बसली बघा."

"ही तुमच्या त्या झोळीची ना?"

"झोळीवर नुसती तपासली. बेतली खाटेच्याच मापाने."

माझं सगळं ठरवून आणलेलं भाषण तिथेच अडकलं. तो खाली जमिनीवर बसला आणि खाटेच्या पट्टीवरून बोट फिरवत बोलायला लागला. या माणसाला इतकं सलग बोलताना मी कापड सोडून कशावर ऐकलं नव्हतं.

"आई सारखी म्हणायची, पाठीक गार लागता रे बाबू. मी म्हणायचो, आई, पाठीवर तर झोपलीयस, पाठीला कसं गार लागेल? रजई घातली. ब्लँकेट घातलं. सावंतकाकूंची वाकळ आणली. नीलाने अंगावरची शाल काढून घातली. घाम यायचा हो तिला, कपाळाला घाम, आणि म्हणायची, पाठीक गार लागता. मी एकदा ओरडलोसुद्धा. म्हटलं, मुंबईत कसली एवढी थंडी? आणि ही खाट पट्ट्यांची. खाली सगळं मोकळं, गॅलरीतला वारा सरळ मोरीपर्यंत. भावोजी, आम्ही सगळे वरून घालत बसलो."

मी वाकून खाटेखालच्या गोधडीला हात लावून पाहिला. 

"तो दाढीवाला म्हणाला ना, थंडी खालून येते, तेव्हा मला कळलं. तोवर उशीर झालेला. पण मग वाटलं, बघू तरी, काय केलं असतं तर तिला ऊब आली असती. तिच्या हाडांना लागत होती तेवढी थंडी माझ्या अंगाला लागायची तर डोंगरात जावं लागलं. बर्फात पडावं लागलं. तुकड्यांनी जमलं नाही. तुम्हीच म्हणालात, कमरेला लागलं. मग पेटी उघडली. ती इथे गारठत होती आणि तिची लुगडी त्या पेटीत घडी घालून गरम."

"हे नीलाला का नाही सांगितलंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं, कारण खालच्या आवाजात जमलं नसतं.

"खाट नीलाने आणली होती," तो म्हणाला. "गादीने आईची पाठ सोलवटायला लागली म्हणून वणवण करून आणली बिचारीने. तिला कशाला कळायला हवं? तिला वाटू दे, भाऊ येडा आहे, लुगड्यांची चिंधी केली. राग काय, जाईल कधीतरी. तुम्ही बोलायचं नाही, शपथ आहे."

म्हणजे गाढव ते गाढवच. बहिणीला तोडायला तयार, पण तिला तेवढं एक कळू द्यायला तयार नाही. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. मग गोधडी सोडवली, गुंडाळी करून काखेत मारली.

"ही कशाला?" तो घाबरला.

"लुगडी तिच्या आईची. तिच्या हातात द्या. मी एक शब्द बोलणार नाही, शपथ आहे ना? खोकं घ्या आणि चला."

दार नीलानेच उघडलं. दादाकडे बघितलं नाही, मला म्हणाली, "हे श्रीखंड का?" मी गोधडी तिच्या हातात दिली. तिने ती दिवाणावर पसरली आणि इरकलीच्या काठावरून हात फिरवला.

"फाडलीस," ती म्हणाली.

"फाडायचं ते दुकानात," दादा दारातूनच म्हणाला. "आईचं कसं फाडेन? दुमडून घातलीत सगळी. टाके सैल आहेत. उसवलंस तर अख्खी निघतील."

तिने एका कोपऱ्यातला टाका नखाने उचलून पाहिला. खरंच, आत लुगडं घडीवर घडी, कुठे कातरी लागलेली नव्हती. तिचा चेहरा जरा सैलावला. मग तिच्या हाताला ते बंद लागले. चार कोपऱ्यांना चार, मध्ये दोन. तिने एक बंद धरला, वीत टाकत दुसऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. परळमध्ये दुकानादुकानांत जाऊन तिने तीच वीत टाकली होती.

"ही झोळीची नाही."

"झोळीलाही बसते," दादा घाईघाईने म्हणाला.

"आईच्या खाटेची आहे ही. पायांना बांधायची. खालून."

दादाने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. नीला हातातला बंद तसाच धरून उभी होती.

"पाठीक गार लागता म्हणायची," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. मग आत गेली. स्वयंपाकघरात नळ वाहत राहिला, बराच वेळ.

ती बाहेर आली तेव्हा हातात ताट होतं, निरांजन लावलेलं, आणि डोळे लाल. पाट मांडला. दादा हळूच येऊन पाटावर बसला. निरांजन विझू नये म्हणून मी पंखा बंद केला. ती ओवाळायला वाकली आणि थांबली.

"ऊठ जरा, दादा."

तो उठला. तिने दिवाणावरची गोधडी उचलली, तिची नीट चौघडी केली, पाटावर ठेवली, वरून हाताने सारखी केली.

"आता बस. थंडी खालून येते."

तिने ओवाळलं. दादाने खोकं पुढे केलं आणि साडीबद्दल चकार शब्द काढला नाही, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिली, तो गोधडीवर बसून राहिला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, पण पंखा लावायचं कोणी नाव काढलं नाही. पुष्कळ वेळाने दादा पाणी प्यायला वळला, तेव्हा मला त्याचा सदरा दिसला. मानेपासून कमरेपर्यंत भिजून अंगाला चिकटला होता.

"दादा," मी म्हटलं, "पाठीला घाम आलाय."